आमेनच्या आधी

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चर्चची वार्षिक सभा झाली. म्हणजे, झाली असं म्हणायचं! डोकं तापलंय म्हणून आधी लिहून घेते, स्वयंपाक नंतर.

सभेत मोनिका उभी राहिली. भाजी विकणाऱ्या रतनबाईंची लेक, दवाखान्यात नर्स आहे आणि रविवारी मुलांना शिकवते. म्हणाली, "संडे स्कूलच्या खोलीला कुलूप आहे. मुलं लिंबाखाली मातीत बसतात. आत साहेबांची टेबल-खुर्ची लागलीय. हे ठरलं कधी?"

काकासाहेब उठले. आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच आहेत, कारभारात सगळ्यात वजनदार. हसत म्हणाले, "नाताळानंतरच्या रविवारीच ठरलं की. साहेबांनी प्रार्थनेत सांगितलं. तू बी आमेन म्हनलीस."

मोनिका खाली बसली. कारण आम्ही सगळेच खरंच म्हणालो होतो! मीसुद्धा.

तक्रार करायची तर कुणाकडे? पाळक, म्हणजे हे साहेब, माझाच नवरा. शांतवनची ही रीत आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. तो विषय सभेपुढे मांडत नाही, प्रार्थनेत मांडतो. "हे प्रभू, दुःखी लोकांचं ऐकून घ्यायला तुझ्या सेवकाला ती मागची खोली मिळावी असं तू आमच्या मनात घातलंस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो." माना खाली, डोळे मिटलेले. देवाचे आभार मानणं चाललेलं असताना मध्येच कोण म्हणणार, अहो थांबा जरा? शेवटी आमेन. ठराव पास!

आजही तेच. पंचांची निवडणूक व्हायची होती, सूचनाफलकावर लिहिलेलं होतं. शेवटच्या प्रार्थनेत हा म्हणतो, "निवडणुकीच्या भांडणांतून तू आम्हांला सोडवलंस आणि यापुढे पंच तुझ्या सेवकानेच नेमावेत हे दाखवून दिलंस..." आमेन. चांगलं दणदणीत. मग चहा आणि बटाटेवडे.

माझेही ओठ हलले. सवय! वडा मात्र खाल्ला नाही. तेवढाच माझा निषेध, आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी हाक मारली, "साहेब, चहा." आणि मीच चमकले.

आम्ही नगरला कॉलेजात एका वर्गात होतो. घरात तो शांतवन आणि मी सिल्व्हिया, अरे-तुरे. लोकांसमोर 'साहेब' म्हणते, मंडळीला बरं दिसतं म्हणून. घरात कधीपासून म्हणायला लागले? आठवेना.

त्याला काही खटकलं नाही. चहा घेतला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नुसतं वाईटच लिहिलं तर ते खोटं होईल. म्हणून आज हे.

कोरोनात आमच्या गावात माणसं गेली तेव्हा पोटची पोरं प्रेताजवळ यायला घाबरत होती. शांतवन गेला. अंगात तो प्लास्टिकचा पोशाख, हातात फावडं. मातीही त्यानंच दिली, प्रार्थनाही त्यानंच केली. हिंदू शेजाऱ्यांच्या घरी डबे पोचवले. बेलापूरला ऑक्सिजन मिळतोय कळलं की मोटारसायकल काढून जायचा. मी दारात उभी राहून रडायचे आणि त्याला शिव्या घालायचे. असा माणूस आपला नवरा आहे म्हणून छाती भरूनही यायची.

तेव्हा सभा घ्यायला कुणाला वेळ होता? लोक म्हणाले, साहेब, तुम्ही ठरवा, आम्ही आहोत पाठीशी. ते बरोबरच होतं. घराला आग लागल्यावर कुणी मतदान घेत नाही.

पण आग विझली. लोकांनी दिलेलं त्यानं परत केलं नाही आणि लोकांनी परत मागितलं नाही. चोरलं कुणीच नाही. इतका चांगला माणूस, त्याच्यावर कशाला लक्ष ठेवायचं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

रविवार, २ मार्च

मोनिकाला संडे स्कूलमधून काढलं. कसं? अर्थात प्रार्थनेत! "आमची बहीण मोनिका हिला तू विश्रांती देत आहेस..."

लोकांना वाटलं, ती आजारी आहे. दुपारी दोन बायका शहाळी घेऊन तिच्या घरी गेल्या! मोनिकानं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, मला काही झालेलं नाही, मी प्रश्न विचारला होता. त्या बिचाऱ्या शहाळी ठेवून परत आल्या.

हसावं का रडावं?

शुक्रवार, १४ मार्च

धूळवड. शाळेला सुट्टी. मी गच्चीवर पापड घालत होते तर रतनबाई आल्या.

"सलाम, बाई."

"सलाम. या, सावलीला बसा."

बसल्या नाहीत. भाजीची पाटी तशीच काखेत. मोनिकाचं लग्न ठरलंय हे मला माहीत होतं. मुलगा जॉय, सुप्याला कंपनीत आहे, घर सावेडीला. तेरा मे तारीख, मंडपवाल्याला सांगून झालंय. रतनबाई म्हणाल्या, "साहेबांकडं गेल्ते. म्हनलं, ईस्टर झाला की लग्नाची सूचना चर्चात वाचाया घ्या. तर म्हनले, आधी मोनिकानं मंडळीपुढं उभं ऱ्हाऊन माफी मागायची. मगच वाचीन."

"कसली माफी?"

"सभंत बोलली त्याची." आणि रडायलाच लागल्या. "बाई, मी तिला म्हनते, माग माफी आन मोकळी हो. जातंय काय आपलं? पर पोरगी लई हट्टी. म्हंती, आई, मी खोटं काय बोलले ते सांग, मग मागते. तुमी साहेबांना सांगा ना. तुमचं ऐकत्याल."

माझं ऐकतील! मी म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार?

जाताना पाटीतली मेथीची जुडी काढून पायरीवर ठेवली. नको म्हटलं तर घाबरल्या. पाळकाच्या बायकोनं जुडी नाकारली म्हणजे साहेब आणखी रागावले, असं वाटलं असणार त्यांना. घेतली मग. आम्ही लोकांना केवढं घाबरवून ठेवलंय!

शनिवार, १५ मार्च

भांडण. जेवणाच्या ताटावर.

"मोनिकाची सूचना वाचणार नाहीस, असं कुणी ठरवलं?"

"मी प्रार्थना केली आहे."

"मग उत्तर काय आलं?"

"थांब असं."

"प्रभू थांब म्हणाला की तू?"

ताट सरकवलं त्यानं. म्हणाला, ही मुलगी मंडळी फोडते आहे. आज खोलीवरून बोलली, उद्या आणखी कुणी आणखी कशावरून बोलेल. मेंढपाळानं काठी वापरायची नाही का? मी म्हटलं, काठी लांडग्यासाठी असते रे. तर म्हणाला, "तू माझी बायको आहेस की तिची वकील?"

मग मीही नको ते बोलले. त्याच्या आईपर्यंत गेले. ते इथे लिहीत नाही.

त्याला खरोखर वाटतंय की तो मंडळीला सांभाळतोय. लबाड असता तर सोपं होतं. लबाड माणसाला निदान माहीत असतं की आपण लबाडी करतोय.

मंगळवार, १८ मार्च

स्टाफरूममध्ये रोहिणीला सांगितलं. ती भूगोल शिकवते, तिला आमच्यातलं काही ठाऊक नाही, म्हणून बरं वाटतं तिच्याशी बोलायला. तिचा प्रश्न सरळ: "अगं, पण एका माणसानं कागद वाचला नाही म्हणून लग्न कसं अडतं?"

मी समजावलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये सूचना वाचतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांचा विवाह ठरला आहे, कुणाची हरकत असल्यास आता सांगावी. मुलाच्या मंडळीत वाचतात, मुलीच्याही. मुलीकडे वाचली नाही तर मुलाकडचे पाळकही लग्न लावत नाहीत.

"हां, म्हणजे तलाठ्याकडच्यासारखं!" रोहिणी म्हणाली. "सातबाऱ्यावर नाव चढवायच्या आधी नोटीस लावतात, हरकत असेल तर कळवा म्हणून. चुलत्यानं घेतली होती ना आमच्यावर, दोन वर्षं गेली."

मग डबा उघडता उघडता म्हणते, "पण मग तुमच्यात हरकत विचारायची पद्धत आहेच की. फक्त लग्नालाच का विचारता?"

मी घास हातात धरून तशीच बसले.

खरंच की! दोघांनी संसार मांडायचा तर आम्ही गावाला तीनतीनदा विचारतो. आणि सगळ्या मंडळीवर एकानं राज्य करायचं तर डोळे मिटून आमेन!

रविवार, ६ एप्रिल

शांतवनचा उपदेश: नम्रता. फार सुंदर बोलला. लोक रडले. मीही रडले, पण रागानं.

शुक्रवार, १८ एप्रिल

उत्तम शुक्रवार, प्रभूच्या क्रुसाचा दिवस. दुपारभर उपासना. चर्चमध्ये पंखे असून नसल्यासारखे.

प्रभूला पकडायच्या आधीचा, बागेतला प्रसंग वाचला. प्रभू शिष्यांना सांगतो, जागे राहा आणि प्रार्थना करा. लहानपणापासून ऐकतेय. आज पहिल्यांदा कानाला लागलं की 'जागे राहा' आधी आहे. आमच्याकडे प्रार्थना तेवढी उरली आणि जागं राहणं गेलं.

आणखी एक आठवलं. जगातले राजे लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नको, हे प्रभूनं कुणाला सांगितलं? हेरोद राजाला नाही, पिलात सुभेदाराला नाही. स्वतःच्या माणसांना, त्याच्यासाठी घरदार सोडून आलेल्यांना. म्हणजे चांगल्या माणसांनाच हे सांगावं लागतं. सगळे पापी आहेत असं आम्ही दर रविवारी म्हणतो, मग त्या सगळ्यांत पाळक येतो की नाही? येतो. म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवणं हा अविश्वास नाही. आमचा विश्वासच तसं सांगतो.

हे शांतवनला सांगायला गेले. तो थकून झोपला होता. पायांना सूज आली होती. चादर टाकली आणि बाहेर आले.

रविवार, २० एप्रिल

प्रभू उठला आहे! ईस्टरची पहाटेची उपासना, मुलांची गाणी, अंडी, केक, सगळं छान.

सूचना वाचली नाही. "आज सणाचा दिवस आहे," म्हणाला.

शनिवार, २६ एप्रिल

उद्या शेवटची संधी. उद्या वाचली तरच तेरा तारखेच्या आत तीन रविवार बसतात.

मोनिका बाजारात भेटली. मी म्हटलं, कोर्टात नोंदणी करून टाका ना, कायद्यानं कुणी अडवू शकत नाही. म्हणाली, "करू शकतो, बाई. जॉय तयार आहे. पण माझा बाप्तिस्मा इथे झालाय. बाबांना इथेच पुरलंय. मी का म्हणून पळून गेल्यासारखं लग्न करू?" मग पिशवी उचलत, "आणि मी गेले की पुढची कुणीच विचारणार नाही काही."

तिचा आवाज एवढा शांत होता, की मलाच लाज वाटली.

रविवार, २७ एप्रिल

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

उपदेश झाला. सूचना वाचायची वेळ आली, गेली. मोनिकानं मान वर केली नाही. रतनबाईंनी पदर तोंडात धरला होता. मग शेवटची प्रार्थना. शांतवननं हात उंचावले, सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. पहिल्यांदाच. सगळ्या खाली घातलेल्या माना बघून कसंतरी वाटलं.

"हे प्रभू, आमची बहीण मोनिका हिच्या विवाहाची घाई करू नये, आधी तिचं मन नम्र व्हावं, तोवर आम्ही थांबावं, हे तू आम्हां सर्वांच्या मनात घातलंस म्हणून..."

आमेन म्हणायच्या आधी सगळी मंडळी एकदम श्वास घेते. इतकी वर्षं त्यांच्यात बसले आणि ते कधी ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. तेवढ्यात उभी राहिले.

"शांतवन, माझी हरकत आहे."

साहेब नाही म्हटलं. ठरवून नाही, तोंडातून तसंच आलं.

काकासाहेब ओरडले, "बाई, प्रार्थना चालू हाय!"

"म्हणूनच आत्ता बोलले," मी म्हटलं. "आमेन झाल्यावर बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, ठरलं. काकासाहेब, माझ्या मनात प्रभूनं असलं काही घातलेलं नाही. तुमच्या घातलं असेल तर डोळे उघडून सांगा."

"देवानं अभिषेक केलेल्या मानसाच्या इरोधात बोलता तुमी!"

"मोनिकाही देवाचीच आहे. बाप्तिस्मा तिचाही झालाय."

शांतवन डोळे मिटूनच उभा होता. त्यानं प्रार्थना पुरी केली, येशूच्या नावाने मागतो म्हणाला, आणि थांबला. आमेनसाठी थांबला.

आमेन आलंच नाही.

कुणी उठलं नाही, कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही. नुसतं आमेन आलं नाही. पंख्याचा आवाज तेवढा. त्यानं डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं, आणि बाजूच्या दारानं निघून गेला.

बाहेर मला वाटलं, रतनबाई हात धरतील. त्या म्हणाल्या, "बाई, माज्या लेकीचं लगीन मोडलं तुमी!" आणि ताडताड निघून गेल्या.

मी बरोबर केलं ना? प्रभू, मी बरोबर केलं ना?

सोमवार, २८ एप्रिल

बोलत नाही. पोळ्या खातो, ताट धुऊन ठेवतो आणि चर्चच्या त्या मागच्या खोलीत जाऊन बसतो. झोपतोही तिथेच.

गुरुवार, १ मे

संध्याकाळी आला. मी ओट्याशी कांदा चिरत होते. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सिल्व्हिया, लोक आमेन का नाही म्हणाले?"

मी म्हटलं, तूच सांग.

तिथेच उंबरठ्यावर बसला. मग म्हणाला, "रविवारपासून प्रार्थनेला बसतोय. डोळे मिटले की भाषण सुरू होतं. मी देवाशी बोलतोय की मंडळीशी, तेच कळेना." पुढचं बोलताना त्याचा आवाज फुटला. "डोळे मिटले की कुणी नाराज दिसत नाही गं. सभेत लोकांचे चेहरे बघून मला भीती वाटायची. कोरोनात कुणी नाही म्हणायचं नाही. तेच बरं वाटायला लागलं."

सुरी खाली ठेवली मी. एवढा मोठा माणूस, कब्रस्तानात न घाबरणारा, आणि चेहऱ्यांना घाबरतो! मला त्याचा राग यायला हवा होता, पण नुसतं भरून आलं. हाताला कांद्याचा वास होता, तशाच हातांनी त्याला जवळ घेतलं.

मग मात्र स्पष्ट सांगितलं. मला सॉरी म्हणून भागणार नाही. मोनिकाला म्हण, तेही सगळ्यांसमोर, आणि खोली मुलांना दे. पंचांची निवडणूक परत लाव. आणि उद्या तुझं मन परत फिरलं तर तुला अडवता येईल अशी काहीतरी रीत घाल. नुसत्या तुझ्या चांगुलपणावर नको.

"एवढा पण भरवसा नाही?"

"आहे. पण पुढचा पाळक कोण येईल, ते कुठे माहीत आहे? आणि तू तरी कुठे माहीत होतास मला!"

हसला. किती दिवसांनी!

रविवार, ४ मे

वाचली! पहिली सूचना वाचली! कुणाची हरकत असल्यास आता सांगावी म्हणाला आणि डोळे उघडे ठेवून सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. नंतर मोनिकाला म्हणाला, "मी तुझ्यावर अन्याय केला. देवाच्या नावानं केला, म्हणून जास्त मोठा केला." मोनिका नुसती मान हलवत राहिली. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "खोलीची किल्ली, साहेब?" सगळं चर्च हसलं.

लग्न एक आठवडा पुढे गेलं, वीस तारखेला. मंडपवाला कुरकुरला. जॉयच्या मामांनी रजा टाकून ठेवली होती, तेही रागावले. चालायचंच.

उपासनेनंतर सभा. ठरलं ते असं, की प्रार्थनेत काही ठरवायचं नाही. आधी मांडायचं, मग विचारायचं, हरकत असल्यास बोला, आणि एखादं कडवं मनात म्हणून होईल इतकं थांबायचं. मग हात वर. प्रार्थना त्यानंतर.

पहिली हरकत काकासाहेबांनी घेतली. हरकत विचारण्याच्या पद्धतीलाच! "साहेबांनी येवढं केलं मंडळीचं, आन त्यांच्यावर इस्वास न्हाई व्हय?" त्यांचे डोळे भरले होते. कोरोनात त्यांच्या भावाला शांतवननंच माती दिली होती.

उत्तर शांतवननंच दिलं. "विश्वास ठेवा, काकासाहेब. पण लक्षही ठेवा. माझं मला ठेवता आलं नाही."

काकासाहेबांचा हात शेवटपर्यंत वर गेला नाही. तेही बरंच झालं. विरोधात राहूनही माणूस चहाला थांबला.

शनिवार, १७ मे

घरात नुसती वर्दळ. हल्ली बायका शांतवनकडे जातच नाहीत, थेट माझ्याकडे. बाई, गाणी कुठली? बाई, वेदीवर फुलं कुठली? बाई, तुम्ही म्हणाल तसं.

मी पटापट सांगते. झेंडू नको, शेवंती. बँड नको, आपली पेटी आणि ढोलकी पुरे. रतनबाईंना बँड हवा होता. मी म्हटलं, कशाला उगाच? त्या म्हणाल्या, "तुमी म्हंता तर र्‍हाऊ द्या." माझ्यावरचा राग त्यांचा केव्हाच गेला, आता भेटल्या की हात जोडतात.

कामं भराभर होतात. बरं वाटतं. जरा जास्तच बरं वाटतं, असं आत्ता लिहिताना वाटलं. असो, उद्या तिसरी सूचना.

मंगळवार, २० मे

लागलं लग्न! शांतवननंच लावलं, मोनिकाच्या आग्रहानं. लग्नाच्या वेळी हरकतीचं शेवटचं विचारतात तेव्हा तो थांबला, थांबला, इतका थांबला की जॉयला घाम फुटला. मोनिका हळूच म्हणाली, "साहेब, पुरे आता!"

रतनबाई नव्या साडीत. जावयाकडे बघतच राहिल्या होत्या. उन्हानं शेवंती माना टाकून बसली. झेंडू टिकला असता.

मंगळवार, १७ जून

शाळा सुरू झाली. दुपारी महिला मंडळाची सभा, अध्यक्ष मी. मंगळवारची दुपार आता मला जमणार नाही, म्हणून सभा शनिवारी सकाळी घ्यावी असं मनात होतं. वेळ कमी होता. उभी राहिले, डोळे मिटले. "हे प्रभू, आजपासून आम्ही शनिवारी जमावं असं तू आम्हां सर्वांच्या मनात..."

"बाई."

बारीक आवाज, जरा कापरा. रतनबाई.

"बाई, माजी हरकत हाय. शनवारी माजा बाजार असतो."

कानशिलं गरम झाली माझी. मी डोळे उघडले. रतनबाई उभ्या होत्या, पदर मुठीत घट्ट धरलेला, पण बसल्या नव्हत्या. आणि मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला!

"बोला रतनबाई," मी म्हटलं.